किल्ली हातात घेण्याआधी



उसाचे बिल हाती पडले, सोयाबीन-कापसाचे पैसे खात्यावर जमा झाले, की अलीकडे गावोगाव एक बोलणे हमखास ऐकू येते, 'एखादी जुनी गाडी पाहायची आहे.' यात उधळपट्टी आहे असे मी मानत नाही. घरात म्हातारी माणसे असतात, त्यांना महिन्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. मुली कॉलेजला जातात, शेवटची एसटी चुकली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. नवी गाडी आवाक्यात नाही आणि अडीच-तीन लाखांत बरी जुनी गाडी मिळते, म्हणून लोक ती घेतात. खुशाल घ्यावी.

गाडी कशी पारखावी हे सांगायला मी बसलेलो नाही. इंजिनाचा आवाज, टायरची झीज, पत्र्याखालचा गंज हे गावचा फिटर माझ्यापेक्षा चांगले ओळखतो. त्याला सोबत न्यावे आणि त्याच्या दिवसाची मजुरी हसतमुखाने द्यावी. मला बोलायचे आहे ते एका तासाविषयी. ज्या तासाला गाडीची किल्ली विकणाऱ्याच्या हातातून तुमच्या हातात येते, त्या तासाला विमा कोणाच्या नावावर आहे आणि कशाकशाचा आहे, एवढाच आजचा विषय.

बैलबाजारात सौदा ठरला आणि दावे हाती आले, की बैलाची जोखीम आपली. वाटेत बैल पाय मोडून बसला तर विकणारा तो परत घेत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गाडीचे दावे म्हणजे किल्ली. फरक इतकाच की बैलाने वाटेत कोणाला शिंग मारले तर फार तर चार माणसांत भांडण मिटते. गाडीखाली माणूस सापडला तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते. तिथे भरपाई ठरवताना गेलेल्या माणसाचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडे मोजली जातात. तुमची गाडी केवढ्याची, हे कोणी विचारत नाही. तरणाताठा कमावता माणूस गेला असेल तर आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. विमा असेल तर ते पैसे कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायचे. आणि मालकाने भरले नाहीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. अडीच लाखांची गाडी घेताना आपण चार एकर जमीन पणाला लावतो आहोत की काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता तुम्ही म्हणाल, 'गाडीला विमा आहे ना! विकणाऱ्याने कागद दाखवला, पुढल्या मार्चपर्यंत आहे.' इथेच बहुतेक लोक निश्चिंत होतात. म्हणून हा कागद जरा उलगडून पाहू. एका कागदात खरे तर तीन वेगवेगळे विमे असतात आणि गाडी विकली गेली की तिघांची वाट वेगळी होते.

पहिला विमा तिऱ्हाइताचा, म्हणजे लोक ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात तो. तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यापुरता. हा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड चार हजार. हा विमा, मुदत शिल्लक असेल तर, गाडीमागोमाग आपोआप येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मध्ये तशी तरतूद आहे. मात्र गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव घालून घ्यावे, असेही तेच कलम सांगते.

दुसरा विमा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा. लोक याला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. हा आपोआप येतो असे समजून चालू नये. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९५ साली असाच एक वाद निकाली निघाला. जुनी मोटार घेणाऱ्याने आरसी बुकावर आपले नाव चढवलेले होते, विमा कंपनीला पत्रही लिहिलेले होते. पण पॉलिसीवर नाव बदललेले नव्हते. मध्येच अपघात होऊन गाडीचे मोठे नुकसान झाले. न्यायालयाने सांगितले की आपोआप बदल होतो तो तिऱ्हाइताच्या विम्यापुरता. गाडीच्या नुकसानीचा विमा हा कंपनी आणि जुना मालक यांच्यातला करार आहे, नव्या मालकाशी कंपनीने तसा करार केल्याशिवाय त्याला पैसे मागता येत नाहीत. त्यानंतर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या, तरी कंपनीचा माणूस क्लेमचा कागद हाती घेतल्यावर आधी पॉलिसीवरचे नाव पाहतो. त्याच्याशी वर्षानुवर्षे कज्जा खेळण्यापेक्षा नाव आधीच बदललेले बरे.

तिसरा विमा मालक-चालकाचा. यातून अपघातात मालकाचा मृत्यू झाला किंवा कायमचे मोठे अपंगत्व आले तर पैसे मिळतात. २०१८ पासून याची रक्कम १५ लाख रुपये आहे. घरच्या बायकामाणसांनी हा परिच्छेद नीट वाचावा, कारण या पैशांची गरज पडते ती त्यांना. हा विमा गाडीमागे मुळीच येत नाही. तो जुन्या मालकाच्या नावाचा असतो आणि त्याच्यासोबतच जातो. आरसी बुकावर ज्याचे नाव आहे, पॉलिसीवर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, अशा एकाच माणसाला तो लागू होतो. आपल्याकडे होते काय, की घरचा कारभार म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतात. वडिलांनी उभ्या आयुष्यात स्टिअरिंग धरलेले नसते. गाडी चालवतो थोरला मुलगा. आदर म्हणून हे ठीक दिसते, पण त्या मुलाला काही झाले तर मालक-चालकाचा विमा त्याला लागू नाही, कारण तो मालक नाही. आणि वडिलांना लागू नाही, कारण ते चालक नाहीत. म्हणून जो चालवणार त्याच्या नावावर गाडी घ्यावी, हे उत्तम. वडिलांचा मान राखायला घरात दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत. तसे करायचेच नसेल तर मुलाच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्यावा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पुष्कळ जुन्या गाड्यांचे मालक खर्च वाचवायला नुसता थर्ड पार्टी विमा काढतात. स्वस्त पडतो, पोलीस अडवत नाहीत. पण नुसत्या थर्ड पार्टी विम्यात खाजगी मोटारीत बसलेल्या तुमच्या माणसांची भरपाई येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात हा भेद स्पष्ट केला आहे: सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाही. आपली गाडी कधी रिकामी धावत नाही. लग्नाला निघाली तर मागे चार, पुढे एक आणि मांडीवर पोरे. तेव्हा विकणाऱ्याच्या कागदावर तारीख पाहण्याआधी तो कागद कोणत्या जातीचा आहे ते पाहावे.

तारखेतही एक खोच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, आणि गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे दोन-अडीच वर्षे वापरलेली गाडी घेताना मोबाईलवरच्या सरकारी ॲपमध्ये विम्याची पुढची तारीख दिसते आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात ती थर्ड पार्टीची असते आणि नुकसानीचा विमा केव्हाच संपलेला असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्या दोन्ही वाचाव्यात. वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्याव्यात.

आता मुहूर्ताकडे वळू. साडेतीन मुहूर्तांवर गाडी घरी आणायची आपली रीत आहे. रीत चांगली आहे, मलाही आवडते. झेंडूचा हार घातलेली गाडी दारात उभी राहिली की घराला शोभा येते. अडचण अशी की दसरा-पाडव्याला आरटीओचे कार्यालय बंद, बँक बंद आणि विमा कंपनीचे कार्यालयही बंद. म्हणजे ज्या दिवशी आपण जोखीम घरी आणतो, नेमक्या त्या दिवशी ती झाकायला कोणी जागेवर नसते. 'कागदाचे दिवाळीनंतर बघू' असे ठरते आणि दिवाळीनंतर रब्बीची पेरणी असते.

आमच्या तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराने अशीच दसऱ्याला शहरातून गाडी आणली. विकणारा ओळखीचा, गाडी स्वच्छ, विमा मार्चपर्यंतचा आणि तोही फर्स्ट पार्टी. स्टँपपेपरवर नोटरी केली, पेढे वाटले. भाऊबीजेला हे कुटुंब बहिणीच्या गावाहून संध्याकाळी परतत असताना ओढ्याजवळ म्हैस आडवी आली. म्हैस वाचवायला गाडी वळवली ती मोरीच्या कठड्यावर गेली. देवाची कृपा, माणसे खरचटण्यावर निभावली. गाडीचे काम मात्र ऐंशी हजारांच्या पुढे गेले. दसऱ्यापासून भाऊबीज साधारण बाविसाव्या दिवशी येते. १४ दिवस केव्हाच उलटून गेले होते. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, आरसी बुक जुन्या मालकाच्या नावावर, आणि जुना मालक पैसे घेऊन मोकळा झालेला. विमा कंपनीने क्लेम नाकारला. शेवटी द्राक्षाच्या पहिल्या तोड्यातून गॅरेजचे बिल भागवले. नोटरीच्या कागदाचा उपयोग झाला तो एवढाच, की गाडी कोणत्या तारखेला घेतली होती हे कंपनीला त्यावरून कळले.

नोटरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साध्या स्टँपपेपरवर लिहून घेतले म्हणजे जमीन आपली होत नाही, फेरफार पडून सातबाऱ्यावर नाव लागावे लागते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी बुक. त्यावर फायनान्स कंपनीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो इतर हक्कांतल्या बोजासारखाच असतो. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. फेरफाराचे फॉर्म दोन: फॉर्म २९ विकणाऱ्याने आरटीओला कळवण्याचा, त्याला मुदत १४ दिवस, आणि फॉर्म ३० नाव चढवण्याच्या अर्जाचा, त्यासाठी घेणाऱ्याला मुदत ३० दिवस. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिकडचा ना हरकत दाखला, इकडची नवी नोंदणी आणि इकडचा कर हिशेबात धरला की स्वस्ताई बरीचशी आटते, आणि तोवर विम्याचे घोडे अडून राहते ते निराळेच. मी तरी तिच्या वाटेला जाऊ नका असेच म्हणेन.

तर मग वेळ कशी साधावी? मी जे सुचवतो ते असे.

इसार देताना थोडाच द्यावा आणि त्याच दिवशी आरसी बुक, चालू पॉलिसी आणि पीयूसी यांचे फोटो मागून घ्यावेत. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी आणि पॉलिसीशी जुळतो का, ते स्वतः वाकून पाहावे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर तिला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहावे, नाहीतर आरटीओत काम अडते. हे कागद घेऊन ताबा घ्यायच्या आधी सात-आठ दिवस विमा कंपनीच्या कार्यालयात किंवा खात्रीच्या एजंटकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा: 'मी अमुक तारखेला ताबा घेणार आहे, त्या तारखेपासून विमा माझ्या नावावर करायला तुम्हाला काय काय लागेल?' काही कंपन्या दोघांच्या सह्यांचे फॉर्म २९, ३० आणि विक्रीपत्र पाहून काम करतात, काही आरसी बुकावर नाव चढल्याचा पुरावा मागतात. हे आधी कळले तर त्याप्रमाणे ताब्याची तारीख पुढेमागे करता येते. ताबा घेतल्यावर कळले तर फक्त डोके खाजवता येते.

नाव बदलताना थोडी फी आणि बोनसचा फरक भरावा लागतो. जुन्या मालकाने क्लेम घेतलेला नसल्यामुळे त्याला हप्त्यात जी सूट मिळालेली असते, ती 'नो क्लेम बोनस' त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. समजा गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता आठ हजार होता आणि त्याने ५० टक्के सूट मिळून चार हजारच भरले. पॉलिसीचे सहा महिने उरले असतील तर त्या सहा महिन्यांपुरता फरक, म्हणजे सुमारे दोन हजार, तुम्हाला भरावा लागेल. हे पैसे वाचवण्यासाठी नाव न बदलण्याचा सल्ला देणारे भेटतात. बियाणाच्या पिशवीमागे शंभर रुपये वाचवायला कोणी पावती न घेता बियाणे घेतो, आणि उगवले नाही तर तक्रार कशावर करायची म्हणून आमच्या कार्यालयात येतो, त्यातलाच हा प्रकार.

विकणाऱ्याचा विमा संपलेला असेल तर जास्त सावध राहावे. विमा मध्ये खंडित झालेल्या गाडीचा नुकसानीचा विमा पुन्हा काढायला कंपनी आधी गाडीची पाहणी करते. सर्व्हेअर येतो किंवा मोबाईलवर चित्रण करून पाठवायला सांगतात. ती पाहणी विकणाऱ्याच्या दारातच उरकून घ्यावी. तोवर गाडी तिथून हलवू नये. 'गाव पन्नास किलोमीटरवर तर आहे, हळू चालवत नेऊ' म्हणणारे पुष्कळ असतात. अपघाताला पन्नास किलोमीटर लागत नाहीत, गल्लीच्या तोंडाशी सायकलवरचे पोर पुरते. गाडी नेणे फारच गरजेचे असेल तर टेम्पोवर चढवून आणावी.

आणि पैसे भरले म्हणजे त्या क्षणापासून विमा लागू झाला, असेही धरून चालू नये. पॉलिसीवर आरंभाची तारीख असते आणि वेळही असते. पुष्कळदा ती आदल्या रात्रीच्या नव्हे तर येणाऱ्या मध्यरात्रीची असते. १० डिसेंबर १९९१ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी एक अपघात झाला आणि त्या गाडीची पॉलिसी त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी निघाली. दिवस एकच असला तरी अपघात आधीचा, म्हणून कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पस्तीस मिनिटांचा फरक. घड्याळ पाहून औषध फवारणारे आपण; विम्याच्या कागदावरची वेळ पाहायला हरकत काय? चेकने हप्ता भरला असेल तर तो वटला की नाही तेही पाहावे, कारण हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही.

ताब्याचा दिवस कामाचा ठेवावा, सकाळचा ठेवावा. उरलेले पैसे बँकेमार्फत, सह्या, विम्याचा कागद आणि किल्ली ही चारही कामे एकाच बैठकीत व्हावीत. विम्याला दोन दिवस लागणार असतील तर उरलेले पैसेही दोन दिवसांनीच द्यावेत आणि गाडी तोवर विकणाऱ्याच्या अंगणात राहू द्यावी. भला माणूस असेल तर तो याला नाही म्हणत नाही. ताबापावतीवर तारीख तर लिहावीच, पण वेळ आणि मीटरचा आकडाही लिहावा, आणि 'या वेळेपूर्वीचे सर्व चलान व जबाबदारी विकणाऱ्याची' अशी एक ओळ घालून दोघांनी सह्या कराव्यात. मग गाडी दिवसाउजेडी घरी आणावी. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि गाडी तुमच्या हाताला नवी असते. दसऱ्याला पूजा करायची ना? गाडी चार दिवस आधी आणून गोठ्याशेजारी झाकून ठेवावी आणि दसऱ्याला हार घालावा. देवाला त्यात काही वावगे वाटणार नाही.

जे गाडी विकतात त्यांनाही दोन शब्द. आपली जुनी गाडी किंवा मोटारसायकल दलालाला देताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याची सवय फार वाईट आहे. ती गाडी मग चार हातांतून फिरते आणि दप्तरी नाव तुमचेच राहते. एका प्रकरणात मूळ मालकाने २००७ साली गाडी विकली, ती पुढे हस्ते परहस्ते गेली, २००९ साली तिच्याखाली एकाचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी नजरेआड होऊन दोन वर्षे झालेली होती. तेव्हा फॉर्म २९ स्वतः दाखल करावा आणि त्याची पोच जमिनीच्या कागदांसोबत ट्रंकेत ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवण्याची सोय झाली आहे; तसे केले की पुढची जबाबदारी डीलरची. अधिकृत दाखला नसलेल्या दलालाला ही सोय लागू नाही. तुमचा नो क्लेम बोनस मात्र तुमचाच आहे. कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला वापरता येते.

एका भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी आजारपणात वारले. गाडी यजमानांच्या नावावर, विमा अजून पाच महिन्यांचा आहे. धाकटा दीर गाडी चालवतो, चालवू द्यावी का, असे त्या विचारतात. ताई, मालक वारला तरी पॉलिसी लगेच मरत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत, ती चालू धरली जाते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि जुनी पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. पाच महिन्यांच्या तारखेवर विसंबू नका, तुमच्या हातात आता एकच महिना आहे. आरटीओत वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो, त्यालाही मुदत तीनच महिन्यांची आहे. मृत्यूची खबर तर ३० दिवसांत द्यायची असते, ती दिली नसेल तर उद्याच द्या. गाडी तुमच्या नावावर घ्या, दिरांच्या नको. ती विकायची की ठेवायची हे मग सावकाश, तुमच्या सोयीने ठरवता येईल. तोवर दिरांना सांगा की नाव होईपर्यंत गाडी शेडमध्येच उभी राहील, आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा.